विश्लेषण : लेखी करारच नाही, मग भाडेकरूला घराबाहेर कसे काढता येते?

गावाकडच्या ओळखीतला मुलगा नोकरीसाठी पुण्यात येतो, फ्लॅट रिकामाच असतो, भाडे ठरते आणि चावी दिली जाते. कुठे चाळीतली मागची खोली एखाद्या कुटुंबाला दिलेली असते, कुठे रस्त्याकडचा गाळा. डिपॉझिट रोख, भाडेही बऱ्याचदा रोख. ‘कागद नंतर करू’ म्हणून राहून जाते आणि पाच-सात वर्षे निघून जातात. मग घरमालकाच्या मुलाचे लग्न ठरते, घर विकायला काढावे लागते किंवा भाडे यायचे बंद होते, आणि तेव्हा कागदाची आठवण होते.

या टप्प्यावर दोन्ही बाजूंना फुकटचे सल्ले मिळतात. घरमालकाला सांगितले जाते, ‘करारच नाही तर तो भाडेकरू कसला? सामान बाहेर काढा, कुलूप लावा.’ भाडेकरूला सांगितले जाते, ‘कागद नाही म्हणजे तुम्हाला कोणी हलवू शकत नाही; बारा वर्षे झाली की घर तुमचेच.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्ही महाग पडतात. कागद नसला तरी कायद्याच्या नजरेत नाते असते. ते नाते कोणते, हे सिद्ध करण्यातच पहिली काही वर्षे जातात. महाराष्ट्रात तर कागद नसल्याचा भार कायद्याने स्पष्टपणे घरमालकावर टाकला आहे.

तोंडी भाडेकरार कायद्याला मान्य आहे का?

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या कलम १०७ नुसार वर्षावर्षाचा, एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वार्षिक भाडे ठरवलेला भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकतो. बाकीचे भाडेपट्टे मात्र ताबा देऊन तोंडी करारानेही होतात. मुदतीबाबत काहीच ठरलेले नसेल तर कलम १०६ नुसार घर, दुकान यांचा भाडेपट्टा महिन्या-महिन्याचा समजला जातो आणि तो १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. पाच वर्षांचा करार साध्या कागदावर लिहिला पण नोंदवला नाही, तर काय? अँथनी विरुद्ध के. सी. इट्टूप या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले की, तो दस्त पाच वर्षांचा भाडेपट्टा म्हणून निरुपयोगी असला तरी ताबा दिला आणि भाडे घेतले, यातून भाडेकरूचे नाते जन्माला येतेच. म्हणजे दरमहा भाडे घेणाऱ्या मालकाला ‘हा घुसखोर आहे’ असे म्हणता येत नाही.

इथवरचा कायदा देशभर सारखा आहे. महाराष्ट्रात त्यावर भाडे नियंत्रण कायद्याचा थर आहे. पूर्वी राज्यात असे तीन कायदे होते. पश्चिम महाराष्ट्र व मुंबईसाठी १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा, विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा. ते रद्द होऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तो राज्याच्या प्रत्येक गावाला लागू नाही. कायद्याच्या अनुसूचीत जी शहरे व क्षेत्रे आहेत, तिथल्या निवास, शिक्षण, व्यवसाय, व्यापार व साठवणुकीसाठीच्या जागांना तो लागू होतो. अनुसूचीबाहेरच्या गावात मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि त्यातली १५ दिवसांची नोटीसच चालते. एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या, बँका, सार्वजनिक उपक्रम हे भाडेकरू असतील तर त्यांनाही या कायद्याचे संरक्षण नाही.

कागद नसल्याचा फटका नेमका कोणाला?

या साऱ्या प्रश्नाचे मूळ १९९९ च्या कायद्यातील कलम ५५ मध्ये आहे. कायदा लागू झाल्यानंतर केलेला कोणताही करार, मग तो भाडेकराराचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असे हे कलम सांगते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण खरी शिक्षा दंडात नाही. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटी-शर्तींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, जोवर त्याविरुद्ध सिद्ध होत नाही तोवर. मालक म्हणतो भाडे १२ हजार, भाडेकरू म्हणतो आठ हजार. सुरुवात आठ हजारांपासून होते. मालक म्हणतो अकरा महिन्यांसाठी दिले होते, भाडेकरू म्हणतो कायमचे भाड्याने घेतले; सुरुवात भाडेकरूच्या म्हणण्यापासून होते. पुढे पुरावा देऊन ते खोडता येते, पण खोडण्याचे काम मालकाचे.

‘अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही’ ही समजूत इथेच आपटते. नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून अकरा महिन्यांची युक्ती देशभर पसरली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे तिचा काही उपयोग नाही. तीन महिन्यांसाठी घर दिले तरी नोंदणी हवी. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेला करार हा त्यामुळे ‘लेखी’ असतो, ‘नोंदणीकृत’ नसतो, आणि कलम ५५ ला दोन्ही हवे आहे.

झटपट ताबा मिळवण्याचा मार्ग का बंद होतो?

निवासासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर मालकाला दिवाणी न्यायालयाच्या रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून कायद्यात कलम २४ ठेवले आहे. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचाव करण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य आहे असे धरून आदेश होतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. आदेशाविरुद्ध अपील नाही, फक्त ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज. मालकाच्या दृष्टीने राज्यात याहून सोपा रस्ता नाही.

या रस्त्याची किल्ली म्हणजे लेखी करार. परवान्याचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जाईल, असे कलम २४ चे स्पष्टीकरण सांगते. कागदच नसेल तर मुदत कधी संपली, शुल्क किती होते आणि मुळात ते लायसन्सच होते का, यापैकी काहीच प्राधिकाऱ्यापुढे मांडता येत नाही. करार लेखी आहे पण नोंदवलेला नाही, अशा मधल्या प्रकारात कलम ५५ चा आधार घेऊन समोरची बाजू ‘मी भाडेकरूच आहे’ असे म्हणायला मोकळी राहते आणि झटपट प्रकरण लांबते. दुकान किंवा कार्यालयासाठी दिलेल्या जागेला तर हे कलम लागूच नाही.

राहणारा भाडेकरू, परवानाधारक की राखणदार?

कागद नसलेल्या प्रकरणात वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि त्याचे चुकीचे उत्तर दिले तर दावा चुकीच्या न्यायालयात जातो. मुंबईत भाडेकरू आणि परवानाधारक यांच्याविरुद्धचे ताब्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. घुसखोराविरुद्धचा दावा दिवाणी न्यायालयात. रागाच्या भरात ‘हा घुसखोर आहे’ असे लिहून दावा लावला आणि उलटतपासणीत भाडे घेतल्याचे निघाले, की आठ-दहा वर्षांनी दावा फेटाळला जातो आणि पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. 

भाडेकरू आणि परवानाधारक यांतला फरक शब्दांवर ठरत नाही. दिल्लीच्या इम्पिरियल हॉटेलमधील काही खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या, दस्तात ‘लायसन्स’ लिहिले होते. तरी सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या प्रकरणात बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला. जागेचा अनन्य ताबा दिला होता का आणि दोन्ही बाजूंचा हेतू काय होता, हे पाहिले जाते. मालकाकडे दुसरी चावी आहे, तो येतो-जातो, एक खोली त्याने स्वतःकडे ठेवली आहे, तर परवान्याकडे कल. राहणारा दार आतून लावून घेतो आणि मालक बेल वाजवून येतो, तर भाडेकरूकडे. तोंडी व्यवहारात या बारीकसारीक गोष्टींनाच पुराव्याचे मोल येते.

महाराष्ट्राला या भेदाचा एक जुना अनुभव आहे. भाडे कायद्याचे संरक्षण टाळण्यासाठी मुंबईत सर्रास लायसन्स दिली जाऊ लागल्यावर १९७३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘घर भाड्याने दिले की गेले’ ही मध्यमवर्गीय मालकांची धास्ती बऱ्याच अंशी तिथून आली. पुढे अनेक घरे रिकामी ठेवली गेली त्यालाही ही धास्ती कारण होती. आज दिलेल्या लायसन्सला असा आपोआप दर्जा मिळत नाही, पण भीती मागे उरली आहे आणि गंमत म्हणजे त्याच भीतीपोटी कागद टाळला जातो.

तिसरा वर्ग राखणदार, घरकामगार किंवा फुकट राहणाऱ्या नातेवाइकाचा. भाडे कधी घेतलेच नाही, विश्वासाने राहू दिले. अशा माणसाला कितीही वर्षे राहिला तरी मालमत्तेत हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस प्रकरणात ठामपणे सांगितले. तो वाद गोव्यातील बहीण-भावाचा होता. आपण कोणत्या हक्काने राहतो, हे राहणाऱ्यानेच तपशिलासह मांडले पाहिजे. नुसते ‘ताबा माझा आहे’ म्हणून भागणार नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. इथे महत्त्वाचा मुद्दा भाड्याचा. अशा राखणदाराकडून मालकाने मधल्या काळात ‘वीजबिलापुरते द्या’ म्हणत दरमहा ठरावीक रक्कम घ्यायला सुरुवात केली, तर हे सरळ प्रकरणही गढूळ होते.

भाडेकरूच ठरला, तर कोणत्या कारणावर काढता येईल?

‘मला माझे घर परत हवे’ हे भाडे नियंत्रण कायद्यात पुरेसे कारण नाही. भाडेकरू भाडे देत असेल आणि अटी पाळत असेल तर कलम १५ त्याला संरक्षण देते. ताबा मिळवायचा तर कलम १५ किंवा १६ मधले कारण लागते.

सर्वांत जास्त वापरले जाणारे कारण थकबाकी, आणि कागद नसताना तेच सर्वांत कच्चे ठरते. आधी लेखी नोटीस देऊन भाडे मागायचे, मग ९० दिवस थांबायचे, मगच दावा. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूने थकीत भाडे १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरले, पुढे दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिला आणि खर्च दिला, तर हुकूमनामा होत नाही. भाडे किती यावरच वाद असेल तर नोटिशीतला आकडा खरा होता का, इथपासून सुरुवात होते. भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर हे कलम त्याला दोनदा सावरण्याची संधी देते. ती वाया घालवणारे मात्र थोडे नाहीत. एकदा पैसे भरून पुढचे हप्ते चुकवले की संरक्षण जाते.

कागद नसला तरी बऱ्यापैकी टिकते ते कारण म्हणजे मालकाची खरीखुरी आणि वाजवी गरज. मुलाचे लग्न, निवृत्तीनंतर शहरात परत येणे, स्वतःचा दवाखाना किंवा दुकान काढणे. इथे भाडे किती होते याला फार महत्त्व नाही. गरज आणि तिचा पुरावा महत्त्वाचा. पण त्यातही कलम १६ च्या पोटकलम २ प्रमाणे न्यायालय तुलना करते. ताबा दिल्याने भाडेकरूला जास्त त्रास होईल की न दिल्याने मालकाला? दोघांपैकी कोणाला दुसरी जागा उपलब्ध आहे का? शहरात आणखी दोन फ्लॅट असलेल्या मालकाचा दावा इथे लंगडा पडतो. आणि दहा वर्षांत दुसरे घर शोधण्याचा एकही प्रयत्न न केलेल्या भाडेकरूचे रडगाणेही न्यायालये फार ऐकून घेत नाहीत.

याशिवाय मालकाच्या लेखी परवानगीविना पक्के बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव, जागेचे नुकसान, आणि दावा लावण्यापूर्वी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा न वापरणे ही कारणे आहेत. कुलूपबंद खोल्यांच्या बाबतीत शेवटचे कारण प्रभावी असते. वीज मीटरचे शून्य वाचन तिथे बोलते. सशस्त्र दलातील व्यक्ती आणि शास्त्रज्ञांना स्वतःच्या राहण्यासाठी घर परत मिळवण्यास कलम २३ खाली स्वतंत्र झटपट तरतूद आहे.

भाडेकरू वारला म्हणून नाते संपत नाही. त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबातील सदस्य कायद्यानेच भाडेकरू ठरू शकतो. ‘मी तर त्याच्या वडिलांना दिले होते’ हे म्हणणे त्यामुळे न्यायालयात चालत नाही.

पुरावा कुठून येतो?

आजकाल कागद नसला तरी खुणा खूप राहतात. दरमहा पाच तारखेला यूपीआयवरून आलेली तीच रक्कम हा भाड्याचा जवळजवळ पावतीइतकाच बोलका पुरावा. ‘काका, या महिन्यात भाडे दहा तारखेला देतो’ हा व्हॉट्सअॅपवरचा संदेश भाडेकरूचे नाते आणि मालकी दोन्ही मान्य करतो. असे इलेक्ट्रॉनिक पुरावे दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलताना जुने संभाषण पुसून टाकणारा मालक किंवा भाडेकरू स्वतःचाच पुरावा नष्ट करत असतो.

सोसायटीच्या नोंदी दुसरा मोठा आधार. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिगर-भोगवटा शुल्क लावते. ते कोणत्या महिन्यापासून लागले यावरून राहणारा कधी आला हे दिसते. पोलीस ठाण्याला दिलेली भाडेकरूची माहिती, गॅसजोडणी, मुलांच्या शाळेतील पत्ता, आधारवरील पत्ताबदल, वीजबिल कोणी भरले याच्या नोंदी, शेजाऱ्यांच्या साक्षी, हे सगळे जोडून चित्र उभे राहते. यातला एकही कागद एकटा भाडेकरार सिद्ध करत नाही. आधारवर पत्ता आहे म्हणून कोणी भाडेकरू होत नाही. तिथे राहतो एवढेच त्यातून कळते.

मालकांना अडचणीचा ठरणारा एक कागद म्हणजे प्राप्तिकर विवरणपत्र. रोख भाडे घेतले, पण उत्पन्नात दाखवले नाही, तर न्यायालयात ‘मला दरमहा १५ हजार मिळत होते’ असे शपथेवर सांगताना मागच्या सगळ्या वर्षांचे उत्तर द्यावे लागते. तोंडी व्यवहार ठेवण्यामागे कित्येकदा हेच कारण असते, आणि म्हणून तोंडी व्यवहारातला मालक न्यायालयात जायला कचरतो.

भाडेकरूसाठी पावतीचा मुद्दा मोलाचा. भाड्याची लेखी पावती देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. मालक पावती देत नसेल किंवा वाद सुरू झाल्यावर भाडेच घेत नसेल, तर ते बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवावे आणि परत आल्याची नोंद जपावी. मुंबईच्या चाळींतून परत आलेल्या मनीऑर्डरींच्या गठ्ठ्यांनी अनेकांची घरे वाचवली आहेत.

बारा वर्षे राहिल्यावर घर भाडेकरूचे होते का?

नाही. मुदत कायद्यातील बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला आव्हान देत, उघडपणे स्वतःच्या मालकीने ठेवलेल्या ताब्याला लागू होतो. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो. तो पन्नास वर्षे राहिला तरी परवानगीचाच राहतो. शिवाय मालकाकडून जागा घेऊन आत आलेल्या भाडेकरूला तो मालकच नव्हता असे नंतर म्हणता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ११६ आणि आताच्या साक्ष्य अधिनियमाचे कलम १२२ तसे सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ज्योती शर्मा विरुद्ध विष्णू गोयल प्रकरणात, अनेक दशके दुकानात असलेल्या भाडेकरूंच्या बाबतीत हाच नियम पुन्हा लावला.

मालकाने गाफील राहावे असा मात्र याचा अर्थ नाही. भाडेकरूचे नाते रीतसर संपवल्यानंतर ताब्याचा दावा बारा वर्षांच्या आत लावावा लागतो. नोटीस देऊन मग स्वस्थ बसणे धोक्याचे.

कुलूप बदलले, वीज तोडली तर?

कागद नसलेल्या प्रकरणांत सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. राहणाऱ्याचा ताबा स्थिर असेल तर त्याला कायद्याच्या मार्गानेच काढता येते, मग त्याचा हक्क कितीही तकलादू असो, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा राम महाले (१९८९) आणि रामे गौडा (२००४) या निकालांत घेतली आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच विचारला जात नाही. आधी ताबा कोणाचा होता आणि तो कायदा डावलून घेतला का, एवढेच पाहिले जाते. स्वतःच्या घराच्या दाव्यात सातबारा किंवा खरेदीखत हातात असलेला मालक हरतो, तो असा.

वीज-पाणी तोडणे हा तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि न्यायालय पुरवठा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश लगेच देऊ शकते. मालकाच्या वतीने दुसऱ्याने तोडले तरी जबाबदारी टळत नाही. पोलीस अशा वादांत ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून हात वर करतात, आणि ताबा कोणाचा हे ठरवणे खरोखरच त्यांचे काम नाही. पण धमकी, मारहाण, घरात घुसून सामान फेकणे ही दिवाणी बाब नव्हे. भाडेकरूची माहिती पोलिसांना न दिल्याबद्दल मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो तो वेगळा. मनाई आदेश लागू असलेल्या शहरांत रागाने पोलिसांकडे धावलेल्या मालकाच्या तो कधीकधी स्वतःच्याच अंगावर येतो.

दावा चालेपर्यंत भाड्याचे काय?

मुंबईबाहेर, जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे दावा चालतो. मग अपील, मग उच्च न्यायालयात पुनरीक्षण. हुकूमनामा झाला तरी ताबा मिळवायला अंमलबजावणीची दरखास्त, बेलिफ, आणि दारात उभा राहिलेला एखादा नवा हरकतदार. कालमर्यादा सांगणारा वकील आशा दाखवत असतो, अंदाज नव्हे.

या दिरंगाईचा मोबदला मागण्याचे एक हत्यार मालकाकडे आहे. हुकूमनामा झाल्यावर भाडेकरू अपिलात स्थगिती मागतो, तेव्हा जुने भाडे नव्हे तर बाजारभावाच्या जवळपासची रक्कम दरमहा भरण्याची अट न्यायालय घालू शकते. आत्माराम प्रॉपर्टीज (२००५) आणि मुंबईतील जागेबाबतच्या सुपर मॅक्स इंटरनॅशनल (२००९) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. पाचशे रुपये भाड्याच्या जागेसाठी दरमहा पन्नास हजार भरण्याची वेळ आली की अपील लढण्याचा उत्साह मावळतो. त्यामुळेच बरीच प्रकरणे अंतिम निकालाने नव्हे, तर न्यायालयात दाखल केलेल्या तडजोडीने मिटतात. भाडेकरूला सहा महिने किंवा वर्षभर मुदत, थकबाकीतली काही रक्कम माफ, डिपॉझिट परत, आणि ठरल्या तारखेला जागा सोडण्याची लेखी हमी. हमी मोडली तर न्यायालयाच्या अवमानाची टांगती तलवार राहते. घरमालकांना ‘आपल्याच घरासाठी आपणच पैसे द्यायचे?’ हा प्रश्न बोचतो. दहा वर्षांच्या दाव्याचा खर्च मांडला की तो कमी बोचतो.

आता तरी करार करून घेता येतो का?

येतो, आणि वाद पेटायच्या आधी तोच सर्वांत स्वस्त उपाय असतो. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे व अनामतीवर आधारित रकमेच्या ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरात एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे रुपये. करार चालू तारखेपासूनचा हवा. मागच्या तारखा टाकून ‘पूर्वीपासून लायसन्सच होते’ असे दाखवण्याचा प्रयत्न उलटतो.

पण भाडेकरूने सही करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. कागद नसताना त्याच्याकडे कलम ५५ चा आधार आणि भाडेकरू म्हणून कलम १५-१६ चे संरक्षण मागण्याची वाट असते. ‘नुसती औपचारिकता आहे’ असे म्हणत पुढे केलेल्या अकरा महिन्यांच्या लायसन्सवर सही झाली, की बाराव्या महिन्यात कलम २४ चा झटपट रस्ता मालकासाठी खुला होतो आणि त्याने स्वतः सही केलेला मजकूर त्याच्याविरुद्ध निर्णायक पुरावा ठरतो. दोन वर्षांपूर्वी आलेल्या नोकरदाराला यात फारसे गमावण्यासारखे नाही; त्याला मुदत आणि डिपॉझिटची खात्री मिळते. तीस वर्षे त्याच खोलीत राहणाऱ्या आणि जुन्या पावत्या जपलेल्या कुटुंबाने मात्र वकिलाला दाखवल्याशिवाय अशा कागदावर सही करू नये.

केंद्राने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात लेखी करार सक्तीचा, घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे डिपॉझिट आणि मुदत संपूनही न निघणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट व नंतर चौपट भाडे अशा तरतुदी आहेत. मात्र तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. तोवर महाराष्ट्रातील न्यायालयांत शब्दावर दिलेल्या घरांचे दावे १९९९ च्या कायद्यानेच चालतील, आणि पहिल्या तारखेला न्यायाधीशांचा मालकाला प्रश्न असेल, ‘नोंदणीकृत करार कुठे आहे?’